बिनमुहूर्ताची कामे

झालेल्या कामाविषयी बोलावयास मराठी भाषेला फार शब्द लागत नाहीत. 'झाले', 'उरकले', 'तडीस गेले' एवढे म्हटले की भागते. परंतु न झालेल्या कामाचा प्रश्न निघाला म्हणजे तिच्या वैभवाला भरती येते. काम लांबणीवर पडते, रेंगाळते, खितपत पडते, बासनात गुंडाळले जाते, आणि अखेरीस त्याचे भिजत घोंगडे होते. या प्रत्येक शब्दात करणाऱ्याच्या आळसावर थोडासा ठपका आहे. तथापि जगात अशीही पुष्कळ कामे असतात की, जी कोणी टाळलेली नसतात आणि ज्यांना कोणाचा विरोधही नसतो; ती केव्हा करावयाची हे ठरविण्याचे साधन मात्र कोणापाशी नसते. अशा कामांना आम्ही बिनमुहूर्ताची कामे म्हणतो. रखडलेल्या कामाला निदान एक तारीख असते व ती उलटून गेलेली असते. बिनमुहूर्ताच्या कामाला उलटून जावयासही तारीख नसते, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल कोणी ओरड करीत नाही. अशा कामांचे करावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो संगणकामुळे. आमच्या महाविद्यालयाचा शतकमहोत्सव अकरा महिन्यांवर आला, तेव्हा त्याच्या तयारीसाठी एक समिती नेमण्यात आली. आणि आमचे केस पुरेसे पांढरे झाले आहेत एवढ्याच गुणावर तिचे अध्यक्षपद आमच्याकडे आले. समितीतील तरुण मंडळींनी पहिल्याच बैठकीत सांगितले की, हे सर्व काम प्रकल्प-नियोजनाच्या सॉफ्टवेअरवर चालावे. आम्ही आयुष्यभर शेक्सपिअर शिकविलेला माणूस. कामांची यादी पाठकोऱ्या कागदावर करावी आणि काम झाले की त्यावर रेघ मारावी, यापलीकडे आमचे नियोजनशास्त्र गेलेले नव्हते. परंतु भिंतीवरच्या पडद्यावर जेव्हा त्या आडव्या पट्ट्या उमटल्या, सभागृहाची रंगरंगोटी येथून येथपर्यंत, ती संपल्यावर दिव्यांची जोडणी, ती संपल्यावर रंगीत तालीम, तेव्हा आमचे मन खरोखरच प्रसन्न झाले. अकरा महिन्यांचा काळ एखाद्या सुताच्या ताण्यासारखा समोर ताणलेला दिसत होता.

या पट्ट्यांचा इतिहास मनोरंजक आहे. पोलंडमधील कारोल आदामिएत्स्की या अभियंत्याने १८९६ च्या सुमारास कारखान्यातील कामांचा असा आलेख प्रथम मांडला. पण आज त्याला नाव चिकटले आहे ते हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याचे, कारण १९१० नंतरच्या दशकात त्याने काढलेले आलेख जगभर पसरले. पुढे १९५७ मध्ये ड्यूपाँ या रसायनांच्या कंपनीत आणि १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात, कोणते काम अडले असता सारा प्रकल्प अडेल हे गणिताने काढण्याच्या पद्धती निघाल्या. वाचकांच्या ध्यानात येईल की, ही विद्या यंत्रशाळेत जन्मली आणि युद्धखात्यात वाढली. तेथे शेवटचा दिवस आधी ठरतो व त्यावरून मागे मोजीत पहिल्या दिवसापर्यंत यावयाचे असते. लग्नाची तिथी धरल्यावर देवकाचा, हळदीचा आणि केळवणांचा हिशेब आपण घरोघरी करतो तो याच रीतीने. अशा हिशेबात तारीख नसलेले काम म्हणजे पत्ता नसलेले पत्र होय.

म्हणूनच या सॉफ्टवेअरांना बिनमुहूर्ताच्या कामांशी कसे वागावे हे बराच काळ उमगले नव्हते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे या वर्गातील सर्वांत परिचित साधन. त्याची पहिली आवृत्ती १९८४ मधली. त्यात नुसते कामाचे नाव लिहून तारखेचा रकाना कोरा ठेवला तर तो कोरा राहत नसे. ते काम प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी सुरू होणार असे सामान्यतः यंत्र आपण होऊन गृहीत धरी, आणि त्याला लागणारा काळ 'एक दिवस' असा लिहून पुढे एक प्रश्नचिन्ह टाकी. हे पाहून आम्हांस आपल्याकडील जुन्या मुख्याध्यापकांची आठवण झाली. मुलाची जन्मतारीख बापास सांगता आली नाही की ते बिनदिक्कत १ जून लिहीत. त्यामुळे महाराष्ट्रात एका पिढीतील हजारो लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले आहेत. मुख्याध्यापकांचा हेतू वाईट नव्हता. रकाना रिकामा ठेवण्याची त्यांना मुभाच नव्हती. संगणकाची स्थितीही तीच होती. फरक इतकाच की, त्याच्या अंगी ते प्रश्नचिन्ह टाकण्याइतका प्रामाणिकपणा होता.

२०१० च्या आवृत्तीत मात्र या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी मोठा समंजसपणा दाखविला. कामाचे वेळापत्रक यंत्राने न ठरविता माणसाने हाताने ठरवावे, अशी एक सोय त्यांनी केली. आणि तीत तारखेचा रकाना कोरा ठेवता येऊ लागला. एवढेच काय, पण त्या रकान्यात अंकांऐवजी शब्दही लिहिता येऊ लागले. आणखी एक दृश्य त्यांनी दिले. त्यात प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याची वेळ न ठरलेली कामे एका वेगळ्या स्तंभात दिसतात, आणि ज्यांना माणूसही नेमलेला नाही अशी कामे पडद्याच्या तळाशी जमा होतात. वेळ नसणे आणि धनी नसणे ही दोन निरनिराळी दुःखे आहेत, हे इतक्या स्पष्टपणे मांडलेले आम्ही पूर्वी कोठे पाहिले नव्हते.

तारखेच्या जागी शब्द लिहिता येतात हे कळताच आमच्यातील भाषेचा शिक्षक जागा झाला. 'पाऊस उघडल्यावर', 'विश्वस्तांची सही झाल्यावर', 'परीक्षांचे निकाल लागल्यावर' असे मजकूर त्या रकान्यांत दिसू लागले. आमच्या एका सहकाऱ्यांनी ही केवळ गंमत आहे असे म्हटले. परंतु आम्हांस ती गंमत वाटली नाही. अंगणातील फरसबंदी २५ सप्टेंबरला सुरू होईल, हे विधान ऐकावयास नेमके आणि वस्तुतः खोटे होते, कारण त्या दिवशी पाऊस पडणार की नाही हे कोणासच ठाऊक नव्हते. 'पाऊस उघडल्यावर' हे विधान मोघम दिसत असले तरी खरे होते, व काम केव्हा करता येईल हे त्यातून मजुरालाही कळत होते. शेतकरी वाफशावर पेरतो. तारखेवर पेरणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? खोट्या तारखेपेक्षा खरी अट शतपटीने उपयोगी असते, हा या प्रकरणातील आमचा पहिला धडा.

पण अटही सांगता येत नाही अशी कामे उरलीच. ती दुसऱ्या एका ठिकाणी जमू लागली. तरुण मंडळींनी सूचनांसाठी कार्डांचा एक संगणकीय फलक केला होता. २००२ मध्ये निघालेले जिरा किंवा २०११ मध्ये निघालेले ट्रेलो यांसारख्या साधनांत असे फलक असतात. एका स्तंभात करावयाची कामे, दुसऱ्यात चालू कामे, तिसऱ्यात झालेली. सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांत स्क्रम नावाची जी पद्धती १९९५ पासून रूढ होत गेली, तिच्यात तर पहिल्या स्तंभाला फार मान आहे. त्यातील कामांना तारखा नसतात, फक्त क्रम असतो. दर दोन-तीन आठवड्यांनी वरची थोडी कामे उचलावयाची आणि तेवढीच पुरी करावयाची. या साठ्यास ते बॅकलॉग म्हणतात.

हा बॅकलॉग शब्द महाराष्ट्रात परका नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या विकासाचा बॅकलॉग मोजण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये समिती नेमली गेली, आणि 'अनुशेष' हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर गेला. राखीव जागांच्या भरतीचा बॅकलॉग असतो, आणि अभियांत्रिकीच्या मुलांचे जे विषय सुटावयाचे राहिले त्यांनाही तीच संज्ञा आहे. तिन्ही ठिकाणी या शब्दाचा अर्थ देणे असा आहे. कोणीतरी कोणाचे तरी काही द्यावयाचे राहिले आहे. परंतु इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ पाहू गेले असता निराळाच निघतो. थंड देशांत घरातील आगटीच्या पाठीमागे एक जाड ओंडका ठेवीत. पुढची लाकडे भरभर जळून जात. हा ओंडका सावकाश धुमसत राही आणि आग टिकवी. बॅकलॉग म्हणजे तो ओंडका. न झालेली कामे हे एक कर्ज आहे की राखून ठेवलेला अग्नी आहे, हा प्रश्न त्या एका शब्दाच्या पोटातच दडलेला आहे.

आमच्या फलकावर प्रथम तो अग्नी असावा असा भास झाला. सूचनांचा नुसता वर्षाव झाला. परंतु चार महिन्यांतच पहिल्या स्तंभात बहात्तर कार्डे साचली, आणि त्यांतून महिन्याला सरासरी चार कामे बाहेर पडत होती. गणिताच्या एका प्राध्यापिकाबाईंनी आम्हांस जॉन लिटल यांचा नियम सांगितला. त्यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगेत सरासरी जितकी माणसे असतात, त्या संख्येस दर महिन्याला बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येने भागले की प्रत्येकाला सरासरी किती महिने ताटकळावे लागेल ते निघते. बहात्तरास चाराने भागले असता अठरा येतात. महोत्सवास सात महिने उरले होते. म्हणजे त्या स्तंभात नवे कार्ड ठेवणे याचा अर्थ, महोत्सव आटोपल्यावर सुमारे एका वर्षाने ते काम करू, असे सूचना करणाऱ्यास सांगणे होता. आणि तेही त्याला न सांगता. बैठकीत कोणी काही सुचविले की, "उत्तम सूचना आहे, नोंदवून घ्या," असे आपण म्हणतो. नकार देण्याची याहून सभ्य रीत अजून निघालेली नाही.

यावर समितीतील सर्वांत तरुण सहकाऱ्यांनी एक उपाय मांडला. जे कार्ड तीन महिने जागचे हलले नाही ते सरळ काढून टाकावे. ते म्हणाले, "सर, खरोखर महत्त्वाचे असेल तर ते पुन्हा आपोआप वर येईल." हा विचार त्यांच्या एकट्याचा नव्हे, त्या क्षेत्रातील अनेक जाणते असेच सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे. साठलेली यादी मनावर दडपण आणते, नव्या कामाकडे मोकळ्या नजरेने पाहू देत नाही, आणि ज्या गोष्टी कोणी करणार नाही त्यांचे आपण पालक आहोत असे खोटे समाधान देते. कपाट आवरणाऱ्या गृहिणीस हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही.

तरीही त्या वाक्यातील 'आपोआप' हा शब्द आम्हांस खटकला. कोणतेही काम आपोआप वर येत नसते. त्याला कोणीतरी वर आणीत असते. मांडवाचे काम विसरले तर मांडववाला फोन करील. निमंत्रणपत्रिका विसरली तर छापखाना विचारील. पाहुण्यांचे जेवण विसरण्याची तर सोयच नाही. ज्या कामाच्या मागे तगादा लावणारा कोणी आहे, ते काढून टाकले तरी परत येते. ज्याच्या मागे कोणीच नाही ते एकदा गेले की गेले, आणि ते गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा तगाद्याची ही कसोटी महत्त्वाची कामे निवडीत नाही. ती बोलकी कामे निवडते. आम्ही सुचविले की, काढावयाचे ते काढू, पण प्रत्येक कार्ड एकदा मोठ्याने वाचून काढू.

अशा वाचनात एकेचाळीसावे कार्ड निघाले ते असे: 'जुन्या समूहचित्रांतील व्यक्तींची नावे लिहून घेणे'. ग्रंथालयाच्या माळ्यावर १९५२ ते १९७८ या काळातील चौऱ्याण्णव समूहचित्रे होती. वादविवाद मंडळ, क्रिकेटचा संघ, वसतिगृहाचे स्नेहसंमेलन. खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे उभी मुले, पुढे सतरंजीवर बसलेली मुले. मागल्या बाजूस कोठे वर्ष होते, कोठे छायाचित्रकाराचा शिक्का होता. नावे जवळजवळ नव्हतीच. ती चेहऱ्यानिशी सांगू शकेल असा आमच्या माहितीत एकच माणूस उरला होता, आणि तो म्हणजे आमचे निवृत्त ग्रंथपाल. ते येथेच शिकले, येथेच नोकरीस लागले, आणि त्यांनी शहाऐंशी वर्षे ओलांडली होती. त्यांना काचबिंदू होता. दृष्टी आणखी किती दिवस राहील हे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगता आलेले नव्हते.

या कामाला तारीख का नव्हती हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. महोत्सवाचे त्यावाचून काही अडत नव्हते; कोणतेही दुसरे काम त्यावर अवलंबून नव्हते; त्यामुळे गँटच्या आलेखात त्याला जागा मिळण्याचे कारणच नव्हते. आणि तरीही त्या बहात्तर कामांत खरी मुदत जर एखाद्याला असेल तर ती याच कामाला होती. मात्र ती मुदत दिनदर्शिकेवर नव्हती, एका म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत होती. कार्ड वाचून झाल्यावर खोलीत थोडी शांतता पसरली. मग ज्यांनी कार्डे काढून टाकण्याची सूचना केली होती तेच तरुण सहकारी म्हणाले, "हे मी घेतो, सर. दर गुरुवारी दुपारी मला तास नसतो."

पुढील पाच महिने ते दर गुरुवारी चार-पाच छायाचित्रे घेऊन ग्रंथपालांच्या घरी जात असत. काचबिंदूत नजर कडांकडून आत आक्रसत येते. त्यामुळे ग्रंथपालांना सबंध चित्र एकदम दिसत नसे. ते भिंग घेऊन डावीकडून सुरुवात करीत आणि एकेक चेहरा भिंगाखाली आणून नाव सांगत. काही नावांबरोबर गोष्टी येत: हा पुढे कलेक्टर झाला, याने ग्रंथालयाची दोन पुस्तके अजून परत केलेली नाहीत. त्रेसष्ट छायाचित्रे अशी झाली. मग एका गुरुवारी त्यांनी भिंग खाली ठेवले आणि आता चेहरे लागत नाहीत असे सांगितले. त्यावर आमच्या सहकाऱ्यांनी उरलेली चित्रे शब्दांनी सांगावयास आरंभ केला. मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा, उंच, टोपी घातलेला, हाताची घडी. आणि नवल असे की, त्या वर्णनांवरून, वर्ष आणि मंडळ यांच्या आधाराने, आणखी चौदा चित्रे बरीचशी लागली. सतरा राहिली. ती आता बहुधा तशीच राहतील. महोत्सवाच्या प्रदर्शनात तीही नावांवाचून लावण्यात आली, आणि येणारे लोक त्यांच्यापुढेच अधिक वेळ थांबत असत.

त्या दिवशी समितीने उरलेली कार्डेही याच रीतीने पाहिली. एकतीस काढून टाकली. बाविसांना खऱ्या तारखा देता आल्या. एकोणीस कामे बिनमुहूर्ताचीच राहिली. परंतु त्या एकोणिसांना तारखेऐवजी तीन गोष्टी देण्यात आल्या. पहिली, धनी: एक नाव, समितीचे नव्हे, माणसाचे. दुसरी, अट: काय घडले म्हणजे हे काम हाती घ्यावे, किंवा काय घडण्यापूर्वी ते झालेच पाहिजे. तिसरी, भेटीचा वार: काम होवो न होवो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते मोठ्याने वाचले जाईल. कामाला मुहूर्त नसला तर नसो, पण ते पाहण्याला मुहूर्त असलाच पाहिजे. डेव्हिड ॲलन या अमेरिकन लेखकाने २००१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात 'कधीतरी, कदाचित' अशी एक स्वतंत्र यादी ठेवण्यास सांगितले आहे. तिची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. पण त्याच पुस्तकात आठवड्यातून एकदा सर्व याद्या तपासाव्यात असा जो कडक नियम आहे, तो हे थट्टेखोर विसरतात. यादी आणि तपासणी ही जोडी आहे. एकीला सोडून दुसरी घेतली की यादीचे बासन होते.

आपल्या पंचांगकर्त्यांना हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून साधारणपणे दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना अधिक धरावा लागतो. २०२३ मध्ये असा अधिक श्रावण आला होता. या महिन्यात विवाह नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. पुराणातील कथा अशी की, इतर प्रत्येक महिन्याला एकेक देवता होती, या वाढीव महिन्याला कोणीच नव्हती. लोक त्याला मलमास म्हणून हिणवू लागले. तेव्हा तो विष्णूकडे गेला, आणि विष्णूने त्याला आपले स्वतःचे नाव देऊन पुरुषोत्तम मास केले. मग त्याच महिन्यात दान, व्रत, जावयाला अनारसे, असा एक निराळाच व्यवहार उभा राहिला. या कथेत देवाने त्या महिन्याला मुहूर्त दिले नाहीत, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्याने त्याला धनी दिला. ज्यात काही ठरलेले नाही असा काळ टाकाऊ होऊ नये म्हणून एवढे पुरेसे झाले.

मोठ्या विद्याकार्यांचा इतिहासही काही निराळे सांगत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा आरंभ १ एप्रिल १९१९ रोजी झाला आणि अठरा पर्वे पुरी व्हावयास १९६६ साल उजाडले. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले डॉ. वि. सी. सुकथनकर १९४३ मध्ये वारले, त्यांच्यामागे डॉ. श्री. कृ. बेलवलकर व नंतर डॉ. प. ल. वैद्य यांनी ते काम वाहिले. डेक्कन कॉलेजातील संस्कृतच्या बृहत्कोशाचे काम डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये सुरू केले, त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, आणि लक्षावधी चिठ्ठ्यांवरून चाललेले ते काम अद्याप संपलेले नाही. १९१९ मध्ये कोणी या कामाची पट्टी काढून तिचे टोक दाखवा म्हटले असते तर ते कोणास दाखविता आले असते? परंतु या कामांना एकापाठोपाठ एक धनी मिळत गेले, आणि रोज सकाळी कोणीतरी येऊन मेजावर बसत असे. टोक ठाऊक नसतानाही काम चालू शकते. ज्याच्यापाशी उद्या कोणी बसणार नाही असे काम मात्र टोक ठाऊक असूनही चालत नाही.

याचा अर्थ प्रत्येक सूचना जपून ठेवावी असा मात्र कोणी घेऊ नये. ती एकतीस कार्डे काढताना आम्हांस यत्किंचितही वाईट वाटले नाही. संस्थापकांचा ध्वनिप्रकाशात्मक जीवनपट, माजी विद्यार्थ्यांची आगगाडीने काशीयात्रा, ही कामे आमच्या शक्तीबाहेरची होती, आणि ती यादीत ठेवणे हा सुचविणाऱ्यांचाच अपमान होता. फक्त एक पथ्य पाळले. जे काढले त्याच्यापुढे का काढले हे एका ओळीत लिहिले, आणि ज्याने सुचविले त्याला ते कळविले. या सॉफ्टवेअरांत काम समूळ न पुसता ते निष्क्रिय करण्याची सोय असते. कामावर रेघ येते, वेळापत्रकावर त्याचा भार पडत नाही, पण नाव दिसत राहते. पाठकोऱ्या कागदावर मारलेल्या रेघेखालचा मजकूरही वाचता येतोच. नाही म्हणावयाचे तर असे म्हणावे, की नाही म्हटल्याची नोंद राहील.

असो. या वयात आमच्यापाशीही अशा कामांचा एक साठा आहे, आणि वाचकांपाशीही तो असेलच. एका मित्राला लिहावयाचे पत्र, आजीच्या ओव्यांची वही उतरून काढणे, एखादा राहून गेलेला ग्रंथ. या कामांना तारखा देऊ नयेत असे आम्हांस वाटते. दिलेल्या तारखा पाळल्या जात नाहीत, आणि मग त्यांच्याकडे पाहण्याचीच लाज वाटू लागते. एक वही करावी, तीत प्रत्येक कामापुढे ते कशासाठी किंवा कोणासाठी थांबू शकत नाही एवढे लिहावे, आणि महिन्यातून एकदा ती वही उघडावी. बहुतेक कामे थांबू शकतात असे आढळेल. जी थांबू शकत नाहीत ती दोन-तीनच निघतील. त्यांच्यासाठी आपला गुरुवार कोणता ते पाहावे.